सोबतीचा डबा

मालगाड्यांचे फोटो काढायला जाते म्हटलं की आमच्या घरात कोणी मान वर करून बघत नाही. मी शाळेत चित्रकला शिकवते. तिथेही बाईंचं हे एक खूळ आहे असं सगळ्यांनी मान्य करून टाकलंय. यजमानांना रेल्वे म्हटली की जांभई येते. साथ देतात ते धाकटे दीर. त्यांना गाडी काढायला निमित्त लागतं आणि मला गाडी चालवणारं माणूस, त्यामुळे आमचं छान जमतं.

प्रवासी गाडीकडे मी ढुंकूनही बघत नाही. मालगाडीचं वेगळं असतं. ती काय घेऊन येईल याचा नेम नसतो. एकदा आख्खी होडी बघितली होती, आसपास ओढासुद्धा नव्हता तिथे. एकदा पवनचक्कीचं एकच पातं, कितीतरी डब्यांवर आडवं पसरलेलं. मालगाडीच्या डब्याला वाघीण म्हणतात हे कळल्यापासून माझी लेक लहानपणी प्रत्येक मालगाडीला चट्टेपट्टे काढायची.

त्या रविवारी बातमी आली की आडमार्गाच्या लाइनवरून काहीतरी अवजड चाललंय, झाकलेलं आहे, आणि गाडी अगदी गोगलगाईसारखी जातेय. जेवणं उरकली आणि आम्ही निघालो. यजमान म्हणाले, संध्याकाळी लवकर या, लेकीचा उद्या सकाळी क्लास आहे.

पहिल्यांदा ती दिसली पुलाजवळ. पुढे इंजिन, मग खूप चाकांची, मध्ये खोलगट अशी एक वाघीण, आणि तिच्यावर करड्या ताडपत्रीत बांधलेलं ते. घराएवढं. यंत्र म्हणावं तर कोपरे नव्हते, टाकी म्हणावी तर गोलाई नव्हती. वाघिणीच्या स्प्रिंगा पार दबल्या होत्या. ती पुलावर आली तेव्हा रूळ असे कण्हले की दीर हसता हसता गप्प झाले.

मागे माणसांचा एक छोटा डबा जोडलेला होता. अवजड मालाबरोबर सोबतीला माणसं देतात, तो. तिघं जण होते. तिघंही पुढच्या खिडकीशी, त्या ताडपत्रीकडे तोंड करून बसलेले. पूल आला, नदी आली, कोणी बाहेर बघितलं नाही. एकाचे ओठ सारखे हलत होते. न झोपणाऱ्या पोराला कोणी काहीबाही सांगत राहावं, तसे.

मी फोटो घेतले, पण समाधान होईना. मनासारखी चौकट मिळाली की मी शांत होते एरवी. त्या दिवशी उलटंच. जरा जवळून हवं, अजून जवळून हवं, असं आतून कोणीतरी ढोसत होतं. दीर म्हणाले, ‘वहिनी, मिळाला की फोटो.’ मी म्हटलं, चला पुढे.

पुढच्या फाटकाजवळ तिला सिग्नल नव्हता. बंद पडलेल्या गिरणीच्या भिंतीला लागून ती उभी होती. फाटकापलीकडे चहाची टपरी होती. डब्यातला एक जण उतरला, घुटमळला. मग दुसरा. शेवटी तिसराही, वयस्क, मागे वळून बघत बघत गेला. दीरही चहाला गेले. मी तारेच्या कुंपणाशी एकटी राहिले. ताडपत्री हाताच्या अंतरावर होती.

ऊन होतं, पण तिथे गार वाटत होतं. वास येत होता. आधी वाटलं ओल्या लोखंडाचा. मग वाटलं, नाही... एखादं माणूस फार दिवस अंथरुणाला खिळलेलं असावं, त्या खोलीत शिरल्यावर येतो तसा. दोर आतून ताणले जात असावेत. बारीक करकर चालली होती. गवतात एकही किडा ओरडत नव्हता.

फोटो घेताना मला बोलायची सवय आहे. इंजिनाशी बोलते, सिग्नलशी बोलते. शाळेत पोरांशी बोलून बोलून लागलेली सवय. तशीच बोलून गेले, ‘किती दमलायस रे... चल, भेटू पुढच्या स्टेशनात.’

करकर थांबली.

एक दोर सैल होऊन खाली लोंबकळला. मी तोही टिपला. तेवढ्यात ते तिघे टपरीवरून जवळजवळ पळतच आले, आणि गाडी हलली.

पुढचं स्टेशन लहानसं होतं. त्याच्या अलीकडे मालाचा वजनकाटा आहे. गाडी त्याच्यावरून येते. आम्ही पोचलो तेव्हा ती बाजूच्या रुळावर उभी होती आणि स्टेशनमास्तर कपाळाला आठ्या घालून फोनवर बोलत होते. काट्याने वाघीण रिकामी असल्याचं दाखवलं होतं. नुसत्या वाघिणीचं वजन. काटा बिघडला म्हणावं तर सकाळचा कोळसा बरोबर मोजला होता. माझ्या गळ्यात कॅमेरा बघून त्यांनी विचारलं, वाटेत कुठे टिपलीत का ही?

मी पुलावरचा फोटो काढून दाखवला. मग समोर बघितलं. ताडपत्री तशीच, तेवढीच फुगलेली. पण वाघिणीच्या स्प्रिंगा मोकळ्या झाल्या होत्या. ओझं उतरवलेल्या हमालासारखी वाघीण ताठ उभी होती.

तो वयस्क माणूस कधी मागे येऊन उभा राहिला, कळलं नाही. त्याने फोटो बघितला. गिरणीजवळचाही बघितला, लोंबणारा दोर होता तो.

‘फाटकाशी तुम्हीच होतात का, बाई?’

‘हो.’

‘काही बोललात का... त्याच्याशी?’

मला हसू यायला हवं होतं. आलं नाही. मी काय बोलले ते शब्द न् शब्द सांगितलं.

त्याने डोळे मिटले. मग लांबलचक श्वास सोडला. त्याला धक्का बसला असेल असं वाटलं होतं मला, पण तो धक्का नव्हता. लांबच्या ड्युटीवरून सुटलेलं माणूस घराच्या पायरीवर सोडतं, तसा तो श्वास होता. त्याने डब्याकडे बघून नुसती मान हलवली. त्या दोघांनी ती बघितली मात्र, एक जण खाली उतरून नळाखाली डोकं धरून बसला आणि दुसऱ्याने बिस्किटांचा पुडा फोडला. ते हसत होते, एकमेकांना पाणी उडवत होते. तिघांपैकी एकही आता ताडपत्रीकडे बघत नव्हता.

‘आत आहे तरी काय?’ मी विचारलं.

‘आम्हाला सांगत नाहीत.’ तो माझ्याकडे न बघता म्हणाला. ‘लोकांना वाटतं आम्ही राखण करतो. राखण नाही, बाई. सोबत करतो. त्याला एकटं राहवत नाही.’ जाता जाता थांबला. ‘आज सरळ घरी जाऊ नका. घरात मुलंबाळं असतील तर नकाच.’

परतीच्या वाटेवर दीर कुरकुरायला लागले. गाडी ओढत नव्हती. साध्या चढावर पहिला गियर टाकावा लागला. प्रत्येक खड्ड्यात मागची बाजू खाली घासत होती. उतरून त्यांनी डिकी उघडली. माझी कॅमेऱ्याची तिपाई आणि पाण्याची बाटली, बस. पेट्रोलपंपावर हवा तपासून घेतली, तर हवा भरणारा म्हणाला, हवा बरोबर आहे साहेब, मागचं ओझं उतरवा, स्प्रिंगा तुटतील.

दीर हसले. मी मागच्या सीटकडे बघितलं नाही. तो वास मात्र काच खाली करूनही जात नव्हता.

त्यांना काही सांगावं की नाही, हा घोळ मनात चालला होता. बोलायचीच भीती वाटत होती. बोललं तर कोण ऐकेल, कोणाला वाटेल आपल्यालाच बोलावलंय... मी उगाच त्यांना गावाबाहेरून फिरवलं. माझी मैत्रीण घरी आहे का बघू म्हणून एका गल्लीत नेलं, परत आणलं. यजमानांचा फोन आला, लेक जेवायची थांबलीय, आहात कुठे? शेवटी मी दीरांच्या हातावर हात ठेवला आणि शाळेच्या मैदानाकडे बोट दाखवलं. मैदानाची किल्ली माझ्याकडे असते. गाडी आत लावली, फाटकाला कुलूप घातलं, आणि त्यांना खुणेनेच चला म्हटलं. अर्धा रस्ता चालून झाल्यावर ते हळूच म्हणाले, ‘वहिनी, तुम्ही ठीक आहात ना?’ मी म्हटलं, हो. उद्या सांगते. चालताना मी मागे वळून बघितलं नाही. पावलं फक्त आमच्या दोघांचीच वाजत होती, एवढं मात्र कान देऊन ऐकलं.

रात्रभर लेकीला कुशीत घेऊन पडले. ती म्हणाली, आई, मी काय लहान आहे का? मी तिला आणखी जवळ ओढलं.

उजाडल्याबरोबर दिरांच्या गाडीची किल्ली उचलून शाळेत गेले. गाडी मैदानात होती तिथेच होती. मागची बाजू वर आली होती. डिकीवर हात ठेवून मी गाडी दाबून बघितली. ती झोपाळ्यासारखी हलकी हलली. दार उघडलं. वास नव्हता. त्या रिकाम्या मैदानात मी वेड्यासारखी हसले. मग घरी निघाले. वाटेत दुधाची पिशवी घेतली, दुकानदाराशी दोन शब्द बोलले. काल संध्याकाळपासून पहिल्यांदा मोकळं बोलले मी.

आमच्या इमारतीत शिरले तर लिफ्ट खाली येईना. बटण दाबून दाबून कंटाळले आणि जिना चढायला लागले. वरून घंटी ऐकू येत होती, लिफ्टमध्ये जास्त माणसं शिरली की वाजते ती. सारखी, न थांबता. वाटलं, सकाळची घाई, कोणी सामान हलवतंय.

आमच्या मजल्यावर लिफ्टचं दार सताड उघडं होतं. आत कोणी नव्हतं. समोर लेक उभी होती, पाठीला दप्तर, तोंड फुगवलेलं.

‘कधीची वाजतेय, आई. वजन जास्त म्हणते. मी एकटीच तर होते. उतरले तरी वाजतेच आहे.’

मी तिच्या तोंडावर हात ठेवला. दुधाची पिशवी तिथेच सोडली. तिचा दंड धरला आणि आवाज न करता जिन्याकडे वळवलं. आम्ही एक जिना उतरलो, दुसरा उतरलो. ती काही विचारायला बघत होती. मी मानेनेच नको म्हणत होते.

आणि वर, आमच्या मजल्यावर, घंटी थांबली.