भिंतीकडची कड

काकूंनी सांगितलेलं काम दोन मिनिटांचं होतं. मोठ्या काकांच्या खाटेवर धुतलेली चादर घालायची आणि निघताना टेबलफॅनचं बटण दाबायचं.

"ते स्वतः दाबणार नाहीत गं. सॉमिलमध्ये जन्म गेला, पण घरातल्या बटणाला हात लावायचा म्हटलं की राजेसाहेबांच्या जिवावर येतं."

लग्नाला पाच आठवडे झालेली सून अशा वेळी नुसती हसते. तीही हसली. सासरच्या माणसांत बोलण्यापेक्षा बघून जास्त कळतं, हे तिच्या एव्हाना लक्षात आलं होतं.

खोलीत काका खुर्चीत होते, आणि त्यांच्यापाशी नणंद आणि धाकटा दीर आधीच ठाण मांडून बसले होते. सव्वादहा वाजले होते. तिनं चादरीच्या तीन कडा खोचल्या. चौथी भिंतीकडची राहिली. खाट जुनी, लोखंडी, चौघांनाही न हलणारी, भिंतीला जवळजवळ चिकटलेली.

"पंखा लावू, काका?"

"थांब जरा. बस. या दोघांना गोष्ट हवीय म्हणे."

"भुताची," दीर म्हणाला. "आणि खरी. मागच्यासारखं शेवटी मांजर निघायला नको."

"खरीच आहे. आमच्या मिलमधल्या एकाची. धारवाला म्हणायचे त्याला, करवतीच्या पात्यांना धार लावायचा. मिलमध्ये एक करवत बंद असली तरी बाकीच्या चालूच. शेजारच्याची शिवीसुद्धा ऐकू येत नाही. म्हणून नियम होता. बटणापासून पात्यापर्यंत लोखंडी रूळ गेलेला. बटणापाशी असेल त्यानं त्या रुळावर तीन ठोके मारायचे. म्हणजे, 'सुरू करू?' पात्यापाशी असेल त्यानं हात बाहेर काढून दोन ठोके द्यायचे. म्हणजे, 'कर.' आणि ते दोन कानानं ऐकायचे नाहीत. रुळावर तळहात ठेवायचा. हाताला लागले, तरच बटण."

"धारवाल्याचा एक जोडीदार होता," काका पुढं सांगू लागले. "उंच, काटकुळा. मोजपट्टी म्हणायचो आम्ही. एका सकाळी मोजपट्टी पात्यात अडकलेला भुसा काढत होता. धारवाला बटणापाशी. हातात चहाचा कप. दुसऱ्या हातानं त्यानं तीन ठोके मारले. दोन आले. बटण दाबलं…"



"वाचला?" नणंदेनं विचारलं.

काकांनी मान हलवली. ती होकाराची नव्हती.

"चौकशीत धारवाल्यानं सांगितलं, दोन आले होते. सगळ्यांनी मानलं. तोही मानत होता. वर्षभरानं तो कानाच्या डॉक्टरबाईंकडे गेला. कान वाजायचा. दुखणं जुनंच, आवाज बारीक, कुं… असा. मिलमधले म्हणायचे, रातकिडा पाळलायस तर नाव तरी ठेव त्याचं. पण आता झोप उडाली होती, आणि पेंगत करवतीपाशी उभं राहून चालत नाही. बाईंनी बंद खोलीत बसवून कान तपासले. म्हणाल्या, गोंगाटानं तुमचे बारीक आवाज गेलेत. कानाकडून काही येईना झालं की मेंदू ती रिकामी जागा आपणच भरतो. वेड नाही हे. त्याच्याशी भांडू नका, कान देऊन ऐकत बसू नका. अगदी शांत खोलीत झोपू नका. पंखा लावा, रेडिओ हळू लावा, कानातल्या आवाजापेक्षा थोडा कमीच. मिलमध्ये कान झाका. हळूहळू तो शेजाऱ्याच्या पाण्याच्या मोटारीसारखा होईल. वाजेल, पण तुमचं लक्ष जाणार नाही."

"हे बरं झालं की," दीर म्हणाला.

"बरंच झालं. पण उठता उठता त्यानं विचारलं, 'बाई, मेंदू ठोकेही भरतो का?' त्या म्हणाल्या, 'ज्याची वाट बघत असतो, ते कधी कधी ऐकू येतं माणसाला.'"

नणंद भावाजवळ सरकली.

"पंख्यानं गुण आला. दोन महिने झोप लागली. मग फेब्रुवारीची सतरा तारीख. मंगळवार उजाडायचा होता. रात्रीचे दोन वाजून दहा मिनिटं. बायको माहेरी गेलेली. घरात तो एकटा. वीज गेली.

"पंख्याची पाती फिरत फिरत… थांबली.

"कानात कुं सुरू झालं. वाढलं. खोलीभर झालं.

"मग तेही थांबलं.

"इतक्या वर्षांत पहिल्यांदा. काही म्हणजे काही नाही. स्वतःचा श्वाससुद्धा नाही.

"आणि ठोके. तीन."

"कानात?" नणंद पुटपुटली.

"हाताला. हात खाटेच्या लोखंडावर होता."

काका स्वतःच्या तळहाताकडे बघत होते.

"त्यानं उत्तर दिलं नाही. पुन्हा तीन. तो गप्प. पुन्हा… तीन. मग त्याच्या तोंडून निघालं. म्हणाला, 'मी हात ठेवला नव्हता रे रुळावर. कप होता हातात. दोन ऐकू आले. लागले नव्हते.'

"बराच वेळ काही नाही.

"मग दोन ठोके. सावकाश. त्या सकाळी न आलेले."

"मग?"

"मग काय. सकाळी मालकाला खरं सांगितलं. मोजपट्टीच्या बायकोला सांगितलं. तिनं दार लावून घेतलं. कान वाजतो अजून. झोपा आता."

"मांजर नाहीच निघालं," दीर हसायला गेला, ते जमलं नाही. बहीणभाऊ निघाले. काका त्यांना सोडायला दारापर्यंत गेले.

चौथी कड राहिली होती. तिनं वाकून भिंत आणि खाट यांच्या फटीत हात घातला. जेमतेम गेला. हातोडी काही गेली नसती. चादर खोचताना तळहात आतल्या लोखंडावरून सरकला… आणि अडला.

खळगा. वाटाण्याएवढा.

बोटभर अंतरावर दुसरा.

तिनं पुढं चाचपलं. लोखंड गुळगुळीत. मागं चाचपलं. गुळगुळीत. दोनच.

काहीतरी करायचं म्हणून तिचा दुसरा हात पंख्याच्या बटणाकडे गेला.

"सूनबाई." काका दारातच उभे होते. हळू, अगदी मायेनं म्हणाले, "आधी तो हात काढ. मग बटण."