खालची माती

बसा. तेजल, दार लोटून घे, डास येतात. ही ऐकीव गोष्ट नाय. माझ्या साडूचा पोरगा भावेश, त्याच्याबरोबर घडलेली हाय. गेल्या सालची, सर्वपित्री अमावास्येची.

भावेश तेव्हा वैभवी मॅडमची गाडी चालवायचा. मॅडम वाणगावच्या पश्चिमेकडल्या पाणथळीचा नकाशा करत होत्या. तिथं झाडपाला पाण्याखाली न कुजता साचून काळी माती झालीय, शेकडो वर्षांची. अशी माती असलेले बरेच देश एकत्र आलेत, सगळ्यांनी एकाच पद्धतीनं मोजायची आन् राखायची ठरलंय. इंडोनेशियाचे एक म्हातारे पाहुणेही आले होते. त्यांच्याकडं असली जमीन लोकांनी सुकवली, तर ती आतून पेटली आन् महिनोन् महिने धुमसत राहिली.

आन् आपण? आपण तिची मोरी केली. टँकर येतात, कुठल्या कंपनीचे कुणाला ठाऊक नाय, आन् ओतून जातात. जांभळा फेस. त्यावर मेलेली कोळंबी, कोंबडीवाल्यांची पिसं, आतडी. तिकडं तोंड करून थुंकवत पण नाय.

त्या सांजेला एकाच कोपऱ्यातली माती आणायची राहिली होती. मॅडम बोलल्या, "भावेश, तेवढी एक बाटली भरून आण. सकाळी पाहुणे निघतील."

त्याच कोपऱ्यात एका ठेकेदाराला भराव टाकायचा होता. त्यानं भावेशला वाटेत गाठलं.

"तिथली माती नको आणू. रस्त्याकडचा मुरूम भर. तिथं काही नाय असं नकाशात आलं, की जागा मोकळी. तुला माझ्या डंपरवर कायमचा घेतो."

भावेशनं मान डोलावली. मला अजून किळस येते त्याची. पण पोरगा आपला.

अंधार पडला होता. रस्त्याच्या कडेला उकिडवा बसून तो मुरूम भरायला लागला. शेजारी कोणतरी येऊन बसलं. त्याला वाटलं, खाडीत मासे धरणारा असेल. अंगावरनं पाणी गळत होतं. आन् वास... मेलेल्या जनावराचा नाय. औषधासारखा. गोडसर.

"ही नको," तो माणूस बोलला. "खालची घे."

भावेश मुरूम भरतच राहिला.

"खालची..."

त्यानं भावेशचं उजवं मनगट धरलं. थंड. मऊ. भावेशनं हिसका दिला. हात सुटला. पण कातडी सुटली नाय. दुधावरची साय असते ना... तशी ती भावेशच्या मनगटाला चिकटून राहिली. पुढं त्या माणसाचा उघडा हात. आत हाड नव्हतं. मांस नव्हतं.

काळी माती होती.

भावेशनं मनगट पँटीला पुसलं. पुसतच राहिला. कसंबसं झाकण लावलं. गाडीत बसला. मागं बघितलं नाय...

सकाळी मॅडमनी टेबलावर बाटली उलटी केली. मुरूम पडायला हवा होता. त्यानंच भरलेला. पडली ती काळी माती. पिचकत पिचकत. सगळ्यांनी नाकं दाबली. म्हाताऱ्या पाहुण्यांनी चिमूटभर बोटांत चोळली आन् मॅडमना हळूच काही सांगितलं.

मॅडम भावेशकडं वळल्या.

"ही माणूसभर खोलीच्याही खालची आहे, असं पाहुणे म्हणतात. तू एवढ्या खाली कसा गेलास?"

भावेशनं ठेकेदाराचं सगळं सांगून टाकलं. मॅडमनी स्वतः जाऊन तो कोपरा मोजला. खाली काळी मातीच. कोपरा नकाशात आला, भराव अडला. त्या माणसाचं मात्र भावेश कुणाला बोलला नाय. मला सोडून.

परवा तो आपल्याकडं जेवायला होता. उजवा हात रुमालात गुंडाळलेला. डाव्या हातानं जेवला. तुमची काकी खालमानेनं वाढत होती.

मी विचारलं, "दुखतो काय रे?"

"नाय काका... वास येतो."

तो गेल्यावर काकीनं त्याचा तांब्या घासायला उचलला. घासला नाय. आणून माझ्यापुढं ठेवला.

तांब्यावर पाच बोटं उमटली होती. काळी. ओली...

आतल्या बाजूनं.