खंडेनवमीच्या रात्रीचा पाना

ओंकार, त्या नव्या सायलेन्सरचं कौतुक आता पुरे. गाडी घेऊन एक पावसाळा उलटला नाही तोवर हँडल बदललं, आरसे काढून टाकले, आता म्हणे कार्ब्युरेटर मोठा टाकायचा. आणि काल दळणाचा डबा मागं बांधून आपल्याच गल्लीत वळताना आडवा झालास. नाचता येईना अंगण वाकडं! करंट काही इतक्यात येत नाही. टाका सतरंजी, बसा इथंच गच्चीवर. सोनाली, भीती वाटत असेल तर आत्ताच खाली जा, मध्येच "अप्पा, पुरे" म्हणायचं नाही. ही ऐकीव गोष्ट नव्हे. माझ्या सख्ख्या मेहुण्याच्या मुलाच्या घरी झालेली आहे.

दोन हजार चार सालची खंडेनवमी. दसऱ्याच्या आदल्या दिवसाची संध्याकाळ. हा मेहुण्याचा मुलगा, संजीव, ट्रान्सपोर्टच्या गोदामात एक पार्सल आणायला गेला होता. त्या दिवशी हुबळीत कोण काम करतं? ट्रकांना झेंडूच्या माळा, दाराला केळीचे खांब, हमालसुद्धा कपाळाला कुंकू लावून चुरमुरे खात बसलेले. गोदामवाला म्हणाला, "इवत्त ब्याडा अण्णा, पूजा झालीय. नाळे बर्री." आज नको, उद्या या. संजीव म्हणाला, "तुमच्या पूजेपायी मी उद्याची स्पर्धा सोडू काय?" आणि स्वतः आत घुसून खोकं उचलून आणलं.

हा संजीव म्हणजे काय चीज होती ते सांगतो. बापाचं कापडाचं दुकान, विद्यानगरात बंगला, आणि अंगात कवडीची अक्कल नाही. मी कोप्पीकर रोडला स्पेअर पार्टच्या काउंटरवर जन्म घालवला, तेव्हा असली गिऱ्हाइकं मला वासावरून ओळखू येतात. गाडी जागची हलली नाही की हे नवीन पार्ट घेणार. पार्ट घातला की फोटो काढणार. फोटो काढला की पुढचा पार्ट.

त्याला नाद होता ट्रायल्सचा. म्हणजे शर्यत नव्हे रे. वेग नाहीच त्यात. दगड, ओंडके, नाले, यांवरून गाडी मुंगीच्या पावलानं न्यायची, आणि पाय जमिनीला टेकवायचा नाही. टेकला की गुण गेले. परदेशात त्यासाठी वेगळ्या गाड्या बनतात, सीटसुद्धा नसते त्यांना. आपल्याकडं कुठल्या मिळायला? आपल्याकडं पोरं जुनी आरएक्स हंड्रेड घेऊन तिलाच घडवायची.

आणि संजीवकडची गाडी घडवलेली होती खरी. पण त्यानं नाही. ती नवनगरच्या श्रीकांतची. वेणूबाई शिक्षिका म्हणून आहेत ना, त्यांचा एकुलता एक. तो पोरगा माझ्या काउंटरला यायचा, एकच वस्तू मागायचा, आणि ती का पाहिजे हे त्याला ठाऊक असायचं. सीट काढून टाकली, उभ्यानंच चालवायची म्हणून पाय ठेवायचे दांडे मागं घेतले, मागचं दातेरी चक्र मोठं बसवलं, लेथवर एक जड कडं करून मॅग्नेटला लावलं, म्हणजे हळू गेली तरी इंजिन बंद पडू नये. टायरात हवा नावापुरती. दर रविवारी पुसायचा, तेल द्यायचा, चेन काढून रॉकेलात धुवायचा. नवीन असं पुढं कधी काही घातलं नाही.

विद्यानगरच्या मागं, उणकलच्या बाजूला, एक बंद पडलेली दगडखाण आहे. तिथं एक मोठा काळा दगड, पोरं त्याला आनेकल्लु म्हणतात, हत्तीदगड. श्रीकांत त्यावर चढायचा. अगदी वरच्या टोकाशी जायचा, आणि दर वेळी एकाच जागी त्याचा डावा पाय टेकायचा. बुटाला लोखंडी नाल होती, तिनं त्या जागी दगडावर पांढरे ओरखडे पडले होते. मग काविळीनं गेला पोरगा. अपघात नाही, काही नाही, काविळीनं. सिव्हिल हॉस्पिटलात पडल्यापडल्या आईला म्हणायचा, "अव्वा, पाय टेकतोच गं तिथं. बरा झालो की एकदा न टेकता जाणार." बरा कुठला होतो!

वर्ष उलटल्यावर वेणूबाईंनी गाडी संजीवला दिली. घरात गंजण्यापेक्षा चालू दे, म्हणाल्या. अट एकच. श्रीकांत दर खंडेनवमीला गाडीची आणि पान्यांची पूजा करायचा, आता ती मी येऊन करीन, म्हणाल्या. आणि पूजा झाली की दसऱ्याच्या सकाळपर्यंत तिला कुणी हात लावायचा नाही. आयुधं त्या रात्री विश्रांती घेतात. सकाळी चाकाखालचं लिंबू चिरडून गाडी पुढं गेली की मगच काम. हे आपल्याकडं शेंबड्या पोरालाही माहीत आहे. संजीव "हो हो, काकू" म्हणाला. फुकट वस्तू मिळताना माणूस कशालाही हो म्हणतो.

मग सुरू झालं ह्याचं. श्रीकांतनं लावलेलं ते जड कडं काढून फेकलं, म्हणे वजन वाढतं. शर्यतीच्या गाडीचा सायलेन्सर लावला. गाडी दर चढाला बंद पडायला लागली. मी सांगितलं, "अरे, कडं परत लाव." तर मला म्हणतो, "मामा, तुमचा जमाना गेला." जमाना! आणि दसऱ्याच्या सकाळी खाणीत स्पर्धा ठरलेली, तेव्हा हा आणखी मोठा पिस्टन आणि सिलिंडर मागवून बसला. तेच ते पार्सल.

पार्सल घेऊन घरी आला तर वेणूबाई शेडमध्ये पूजा आटोपत होत्या. पाने, पक्कड, स्क्रूड्रायव्हर ओळीनं मांडून त्यांना हळदकुंकू, हँडलला झेंडूची माळ, पुढच्या चाकाखाली कुंकू लावलेलं लिंबू. त्या लिंबाला त्या नेहमी एक लवंग टोचायच्या. श्रीकांतची सवय म्हणून. संजीवच्या हातातलं खोकं बघून म्हणाल्या, "तम्मा, उद्या सकाळी कर हं काय ते."

"उद्या सकाळी स्पर्धा आहे, काकू."

"असू दे की. एक रात्र थांब."

हा हसला. आणि काय बोलला माहीत आहे? मरून गेलेल्या पोराच्या आईच्या तोंडावर? "तुमच्या श्रीकांतचा पाय टेकायचा, काकू. आनेकल्लूवर उद्या मी न टेकता जाणार. बघायला या." दीपश्रीनं, त्याच्या बायकोनं, मला हे सांगितलं तेव्हा तिची मान खाली होती. वेणूबाईंनी तबक उचललं आणि नवनगरच्या बसला गेल्या.

बस वळली तोच ह्यानं माळ ओढून कोपऱ्यात टाकली. लिंबू पायानं उडवलं. कुंकू लागलेला पाना उचलला आणि इंजिन उघडलं. हेड काढलं, सिलिंडर काढला, पिस्टन काढून परातीत रॉकेलात टाकला. आता नवीन बसवायचा तर... बसेना! दुसऱ्याच मॉडेलचा मागवला होता दिवट्यानं. मी असतो तर पोट धरून हसलो असतो. शिव्या देत त्यानं तसंच सगळं टेबलावर टाकलं, शेडला कुलूप घातलं, किल्ली खिशात घातली आणि जेवायला बसला.

नीट ध्यानात घ्या. सिलिंडर टेबलावर. पिस्टन परातीत. सिलिंडरच्या जागी नुसतं भोक.

जेवण झालं आणि करंट गेला. सगळ्या कॉलनीत काळोख. हे दोघं व्हरांड्यात बसले.

शेडमधून आवाज आला... किक मारल्याचा.

खच्...

दीपश्री म्हणाली, "मांजर असेल."

खच्...

"मांजर किक मारतंय होय गं?" संजीव म्हणाला. पण उठला नाही.

खच्... आणि गाडी चालू झाली.

त्या शर्यतीच्या सायलेन्सरचा फाटका आवाज नव्हता तो. जड, सावकाश. एकेक ठोका वेगळा मोजावा असा. जड कडं असताना यायचा तसा. संजीवनं तो आवाज श्रीकांत असताना खाणीत कितीतरी वेळा ऐकला होता.

"किल्ली कुणाला दिलीत?" दीपश्रीनं विचारलं.

त्यानं खिशात हात घातला. किल्ली होती.

आवाज शेडमधून निघाला. अंगणातून गेला. त्यांच्या समोरून... दिसलं काहीच नाही. नुसता आवाज, आणि जळक्या तेलाचा वास. फाटक बंदच होतं. आवाज फाटकापलीकडं गेला.

संजीव बॅटरी घेऊन शेडपाशी गेला. कुलूप जसंच्या तसं. उघडलं.

गाडी नव्हती.

टेबलावर सिलिंडर होता. परातीत पिस्टन होता.

...काय म्हणालीस, सोनाली? नाही ना? मग गप बस.

दोघं अंगणात उभे राहिले. दीपश्रीनं त्याचा शर्ट धरलेला. काळोख. कुत्रंही भुंकत नव्हतं. आणि खाणीच्या अंगानं तो आवाज. वर चढतोय. हळू. थांबतोय. पुन्हा चढतोय. डोळे मिटून सांगता यावं, आता पायथा... आता खाच... आता वरचा कंगोरा...

आणि थांबला.

त्याच जागी. जिथं पाय टेकायचा.

एक ठोका... मग बराच वेळ काही नाही... मग एक ठोका...

संजीव पुटपुटला, "टेकव. टेकव की पाय..."

काहीच नाही.

...

मग इंजिनाची एक लांब ओढ. एकदाच.

आणि शांत.

रात्रभर दोघं देवघरात बसून होते. फटफटताच संजीव माझ्या दारात. मी म्हटलं, दारू प्यायलास काय? ओढतच नेलं त्यानं मला. शेड उघडली तर गाडी जागेवर उभी. दोन्ही चाकांना खाणीतला लाल चिखल, ओला. सिलिंडरच्या जागी भोक तसंच. संजीवनं सायलेन्सरला बोट लावलं आणि बोंबलला. बोटाला फोड आला, मी बघितला. भुताखेतांवर विश्वास ठेवणाऱ्यांतला मी नव्हे, पण त्या शेडमध्ये मी चप्पल बाहेर काढून उभा होतो.

"मामा, मला नको ही गाडी," म्हणाला. स्पर्धा गेली उडत. टेंपोत घातली आणि नवनगरला घेऊन आलो. वाटेभर हा शूरवीर माझा हात धरून बसलेला.

वेणूबाई दारात रांगोळी घालत होत्या. संजीवनं सगळं सांगितलं. पाना लावला ते सांगितलं, लिंबू उडवलं ते सांगितलं, पाया पडला. मला वाटलं बाई घाबरतील, रडतील, ह्याला चार शब्द सुनावतील. मी असतो तर कानाखाली वाजवली असती. बाईंचं त्याच्याकडं लक्षच नव्हतं. त्यांनी एवढंच विचारलं.

"पाय टेकला का रे त्याचा?"

संजीवला कुठून ठाऊक! बाईंनी रांगोळीचा हात पदराला पुसला, पायात चपला घातल्या आणि टेंपोत येऊन बसल्या.

खाणीत स्पर्धेची पोरं जमली होती. सगळी आनेकल्लूकडं तोंड करून उभी. कुणी गाडी चालू केली नव्हती. दगडावर पायथ्यापासून लाल चिखलाची एकच रेघ, टायराची नक्षी उमटलेली. कुठं घसरलेली नाही, कुठं वाकडी नाही. मागच्या बाजूनं गुरांची वाट आहे, तिनं मी बाईंना हाताला धरून वर नेलं. ओरखड्यांची ती जागा आली. रेघ तिथं किंचित दाट होती, गाडी खूप वेळ उभी असल्यासारखी. बाई गुडघ्यांवर बसल्या. ओरखड्यांवरून बोटं फिरवली. सगळे जुने होते. आजूबाजूला बुटाचा ठसा शोधला त्यांनी, मीही शोधला. रेघेबाहेर चिखलाचा एक ठिपका नव्हता.

जन्मभर मी पार्ट विकले, पोरांनो. त्या क्षणी मला माझ्या काउंटरचीसुद्धा लाज वाटली.

रेघ तिथून पुढं गेली होती. वर, अगदी टोकापर्यंत. टोकाला संपली होती, उतरायची खूण कुठंच नव्हती. आणि तिथं, जिथं ती संपली होती, एक लिंबू होतं. कुंकू लागलेलं. लवंग टोचलेलं. चाकाखाली चिरडलेलं.

बाईंनी हात लावून बघितलं. रस अजून ओला होता.