दोन सुटी टोकं

त्या दुपारी बाबा दुकानात एका पंख्याचं जळालेलं वाइंडिंग काढून नवं भरत होते. टेबलावर तांब्याच्या तारेची भेंडोळी, हवेत ओल्या वॉर्निशचा वास. मी चहा घेऊन गेले, तर नेहमीप्रमाणे त्यांनी मला हँडलला जुंपलं.

ते हँडल त्यांनी एका जुन्या मोटारीला बसवलं होतं. मोटारीतून निघालेल्या दोन तारांना छोटा बल्ब जोडलेला. वीज दिली की मोटार फिरते आणि मोटार फिरवली की ती स्वतःच वीज देते, हे गिऱ्हाइकाला सांगत बसण्यापेक्षा बाबा हँडल त्याच्या हातात देत. त्यांचं सर्वांत जुनं गिऱ्हाईक मीच.

मी फिरवू लागले. बल्ब पेटला.

"जड लागतंय?"

"नाही."

खोटं बोलताना माझं नाक आईसारखं फुगतं, असं म्हणून ते हसले. मग त्यांनी एक तार सोडवली. बल्ब विझला आणि हँडल भर्रकन मोकळं फिरलं. दिवा फुकट जळत नाही, तो तुझ्या हातातून ओढून घेतो, हे त्यांनी परत एकदा ऐकवलं. "पलीकडे घेणारं कोणी नसेल, तर जड लागायचं कारणच नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते उठलेच नाहीत.

महिनाभरानं आम्ही दुकान उघडलं ते रिकामं करायला. बाबांचे एक मित्र, तेही मोटारींचं वाइंडिंग भरणारे, मी त्यांना काका म्हणायचे, टेम्पो घेऊन आले. आईनं त्यांना बजावलं होतं, सगळं न्या, काही डोळ्यांसमोर नको. मला हँडल ठेवायचं होतं, पण तिच्याशी वाद घालवेना. निदान एकदा फिरवावं, म्हणून मी टेबलाशी गेले.

बल्ब नव्हता. तारांची उघडी टोकं टेबलावर सुटी पडलेली.

हँडल जड होतं.

टोकं एकमेकांना चिकटली तरी हँडल जड होतं, म्हणून आधी ती पाहिली. मध्ये हातभर अंतर होतं. गंज धरला असेल, म्हणून काकांना फिरवायला सांगितलं. त्यांनी ते एका बोटानं गरागरा फिरवलं.

"लोण्यासारखं चाललंय की, पोरी. जेवतेस ना नीट?"

ते पुढचं खोकं उचलून बाहेर गेले.

मी पुन्हा हात घातला. आधी बल्बला लागायचा तेवढाच जोर लागला. मग जास्त. जितकं जोरात फिरवावं, तितकं पलीकडून ओढलं जात होतं. खांदा भरून आला.

हात थांबला.

महिनाभर बंद असलेल्या दुकानात ओल्या वॉर्निशचा वास येत होता.

बाहेरून काकांनी विचारलं, ते हँडल तेवढं राहिलं ना?

"हो बाबा," मी हँडलकडे बघत हळूच म्हणाले. "जड लागतंय. लहानपणापासून लागायचं."

तळव्याखाली हँडल हललं. सावकाश वर गेलं, मग पलीकडे, मग खाली. तारांची टोकं होती तिथेच होती.

मी हात काढला नाही. फिरवत मात्र मी नव्हते.