हवेयोआत्याचं दूध

तीन माणसं परत आणायची होती. दीरिये बोसासो बंदरातून निघाला तो एवढ्याचसाठी. जहाज तर हातचं गेलंच होतं. बकऱ्या भरून जेद्द्याला निघालेलं ते जुनं मालवाहू जहाज चाच्यांनी आठ महिन्यांपूर्वी धरलं, पुढे खडकावर चढवलं, आणि खंडणी मागताच मालकाने सरळ हात झटकले. मालक सुटला, पण दीरिये कसा सुटणार? तो त्या जहाजाचा अब्बान होता. या किनाऱ्यावर परक्याने पाऊल ठेवायचं तर इथला एक माणूस त्याला जामीन राहतो. परक्याच्या केसाला धक्का लागला तर काळं अब्बानच्या तोंडाला लागतं. कप्तान मुनीफचा हात हातात घेऊन दीरियेने सहा वर्षांपूर्वी शब्द दिला होता. मुनीफ सीरियाचा, अर्वाद बेटावरचा. बंदरात आला की दीरियेकडेच जेवायचा.

आणि जहाज धरणारा कोण? गराद! दीरियेच्या सख्ख्या आत्याचा मुलगा! परदेशी ट्रॉलर किनारा ओरबाडून न्यायला लागले तेव्हा हाच गराद मासेमारी सोडून बंदूक घेऊन त्यांच्यामागे धावला होता. तेव्हा सगळ्यांनी त्याची पाठ थोपटली. दीरियेनेही थोपटली होती. त्याची त्याला आता शरम वाटायची.

बंदुकीने गरादपुढे काही चाललं नसतं. म्हणून दीरिये पठारावर हवेयोआत्याच्या वस्तीवर गेला. ऐकून सत्तरीची आत्या उठलीच.

"माझ्या हातचं दूध प्यायला तो माझा पाहुणा. आईच्या पाहुण्याला हात लावायची गरादची छाती आहे का, तेच बघते!"

दुभती उंटीण, तिचं पिल्लू, आत्या, दीरिये आणि ड्रायव्हर लीबान अशी ही फौज त्याच्या ट्रकमधून निघाली. पहिल्याच दिवशी दगडांत गाडीचा आस मोडला.

"आत्या, तुझ्या लेकाने जहाज पळवलं, आता माझी गाडीही गेली," लीबान कुरकुरला. "तुमच्या घराशी सोयरीक नको रे बाबा!"

"तुला मुलगी देतंय कोण?" आत्या म्हणाली आणि पुढे चालू लागली.

दोन दिवस चालणं. विहीर लागली ती कोरडी. दुसरीत मेलेला उंट तरंगत होता. वारा असा सुटला की डोळे उघडले तर वाळू आणि मिटले तरी वाळू! उरलेलं पाणी उंटिणीला पाजलं, कारण तिचा पान्हा आटला असता तर पुढे जाण्यात अर्थच नव्हता. माणसांनी ओठ चाटत रस्ता कापला.

तिसऱ्या सकाळी कोरड्या ओढ्याच्या नाळेत चाच्यांचा तळ दिसला. आत्याने धार काढायला घेतली. त्याआधी तिने बाभळीचे निखारे टाकून दुधाच्या विणलेल्या भांड्याला धुरी दिली. रोजच्या दुधाला देतात तशी.

"आत्या, आणखी दे," दीरिये म्हणाला. "पाहुणे मोठे आहेत. उगाच मान कमी नको पडायला."

तिने तीनदा धुरी दिली.

आईला पाहून गराद बंदूक खाली ठेवून उभा राहिला. आत्या त्याच्याकडे न बघता थेट कैद्यांकडे गेली. तिघेही खंगून काटक्या झालेले! डिझेलचा वास येणारं पिंपातलं पाणी पिऊन त्यांचे दोन सोबती याच नाळेत तळमळत मेले होते.

दीरियेला पाहून मुनीफचे डोळे भरून आले. "आलास?"

"आलो. आधी दूध घे."

"आधी माझी पोरं."

इंजिनवाला राइफ घटाघटा प्यायला. स्वयंपाकी हिकमतही प्यायला. मग भांडं कप्तानाकडे आलं. तळाशी राहिलेलं दूध कोळशाच्या चुऱ्याने काळपट झालेलं. मुनीफने घोट घेतला. बंदरात दीरियेच्या घरी हे पठारावरचं दूध कधी नसायचं. धुराचा तो उग्र वास नाकात गेला आणि त्याला पिंपातलं ते पाणी आठवलं. त्याने घोट थुंकला! भांडं भिरकावलं!

"ओका! पोरांनो, ओका! पुन्हा तेच! विष आहे!"

तळावरचे सगळे वळून बघू लागले. मुनीफ अरबी बोलत होता, दीरियेला अरबी पाण्यासारखी येत होती. धुरीचं दूध असं लागतं, हा पाहुण्याचा मान असतो, एवढं सांगायला कितीसा वेळ लागला असता! पण जे जन्मापासून तोंडात आहे ते कुणाला सांगावं लागतं, हे त्याच्या मनातच आलं नाही.

आत्याने धावत जाऊन पुन्हा धार काढली. गरादने ते भांडं पायाने उलटवलं. त्याचाही चेहरा उतरला होता.

"आई, दोघं तुझे पाहुणे. ने त्यांना. पण हा? माझ्या माणसांसमोर तुझं दूध थुंकला तो. आता मला वाटलं तरी सोडता येणार नाही."

"मला ठेव त्याच्या जागी," दीरिये म्हणाला.

गराद हसला. "दादा, तुझ्यासाठी पैसे कोण देणार? याच्या घरचे तरी जमवतील." मग हळूच म्हणाला, "लवकर निघा. माझे भागीदार दुसऱ्या कुळाचे, संध्याकाळी येतील. माझ्या आईचं दूध त्यांना बांधत नाही."

मुनीफने दीरियेची बाही धरली. "मला का नाही सोडत?"

दीरियेच्या ओठांवर खरं आलं होतं. तो म्हणाला, "कप्तानाला शेवटी सोडतात. इथली रीत आहे."

मुनीफने मान डोलावली. "आमच्याकडेही तसंच. जा, पोरांना पोचव."

ते धावत सुटले. समुद्राकडे उतरणाऱ्या कड्यापाशी पोचले तोच मागे धुरळा उठला! भागीदार लवकर आले होते! गोळी दगडावर आपटली. राइफ ठेचकाळून पडला. लीबानने त्याला पाठीवर घेतलं. खिंडीच्या तोंडाशी आत्याने उंटीण आडवी बसवली आणि स्वतः तिच्यापुढे फतकल मारली.

"तुम्ही खाली उतरा!" ती ओरडली. "म्हातारीवर गोळी झाडून कोण तोंड दाखवणार आहे?"

झाडली नाही कुणी. चाच्यांना लांबून वळसा घ्यावा लागला. तोवर चौघे कडा उतरले. हात सोलले, गुडघे फुटले, हिकमत दोनदा निसटला आणि दीरियेने दोनदा त्याची मानगूट धरली. अंधार पडताना खाली मासेमारांच्या होड्या दिसल्या. वाचले!

बोसासोत लोकांनी दीरियेला मिठ्या मारल्या. बंदुकीशिवाय दोन माणसं सोडवली! दोघे विमानाने घरी गेले. आत्याही उंटीण घेऊन वस्तीवर सुखरूप पोचल्याचं कळलं. दीरिये मिठ्यांना कंटाळला, दार लावून बसला.

चौथ्या दिवशी अर्वादहून फोन आला. मुनीफची बायको होती.

"तुम्ही त्यांचे अब्बान ना? त्यांना का ठेवून घेतलं?"

रीत आहे, असं म्हणायला त्याने तोंड उघडलं. म्हणवलं नाही. त्याने सगळं सांगितलं. दूध, धुरी, तीनदा. "जास्त धुरी मीच द्यायला लावली, बाई. आणि त्याला एका शब्दाने सांगितलं नाही."



"मग परत जा," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

लीबानची गाडी अजून पठारावर मोडून पडली होती. दीरिये पायीच निघाला.