उजवीकडच्या सीटवरचा माणूस

"स्वस्तात चांगली गाडी कुठे मिळेल?" असं कुणी विचारलं की मी विषय बदलते.

जागा मला माहीत आहे. आमच्या एल आल्तो शहरातल्या जुन्या गाड्यांच्या बाजारात माझ्या भावाला इतकी स्वस्त गाडी मिळाली होती, की गल्लीतले लोक ती बघायला येत होते.

पुढे सांगतेय त्यातलं काहीही पदरचं नाही. निम्मं मी स्वतः पाहिलंय. उरलेलं बरंचसं माझ्या वहिनीनं सांगितलं, आणि खोटं बोलून मिळवावं असं तिच्यासाठी आता काही उरलेलं नाही.

२००८ चा ऑगस्ट. गुरुवार, सकाळी दहाचा सुमार.

माझा भाऊ निकानोर बावीस वर्षं दुसऱ्यांच्या टॅक्सी चालवत होता. शेवटी आईच्या वाटणीची जमीन विकली आणि स्वतःची गाडी घ्यायला निघाला. बरोबर मी आणि ब्रिखिदा वहिनी.

पांढरी स्टेशन वॅगन होती. विकणारी पन्नाशीची बाई, कासिमिरा नावाची. दरवाजाला टेकून उभी.

"बाई, खोट काय आहे ते आधीच सांगा," दादा म्हणाला. "नंतर शिव्या खाण्यापेक्षा बरं."

"इंजिन चांगलं आहे."

"मग एवढी स्वस्त कशी? नवऱ्याला न विचारता विकताय काय?"

दादा हसला. ती हसली नाही.

"नवरा नाही आता."

दादा ओशाळला. मग घासाघीस झालीच नाही.

या गाड्या जपानहून जहाजानं येतात, स्टिअरिंग उजवीकडे असलेल्या. आमच्याकडे ते काढून डावीकडे बसवतात. उजवीकडे डॅशबोर्डला भोक राहतं, त्यावर पत्रा ठोकतात. खाली जिथे ब्रेक होता तिथे नुसती रबरी चटई.

आम्ही गाडीला फुलांच्या माळा घातल्या. चाकांवर बिअर ओतली, धरणीमातेला तिचा वाटा दिला. पाद्रीबाबांनी पाणी शिंपडलं.

काहीही राहून गेलं नव्हतं. हे मी मुद्दाम सांगतेय.

दादा अचाकाची गावाच्या रस्त्यावर प्रवासी नेऊ लागला. गाडी भरली की निघायची.

पण गाडी भरायचीच नाही.

मागची सीट भरायची. पुढची, दादाच्या उजवीकडची... रिकामी.

एकदा मी मागे बसले होते. पाठीवर गाठोडं घेतलेली एक म्हातारी आली. पुढे डोकावली आणि माझ्या शेजारी घुसू लागली.

"पुढे बसा की मावशी," दादा म्हणाला. "ऐसपैस जागा आहे."

"कुणाच्या मांडीवर बसू रे मेल्या? या माणसाच्या? या वयात?"

सगळे हसले.

दादाही हसला. पण त्याचा चेहरा आरशात मला दिसत होता.

त्या दिवशी परतताना मी हट्टानं पुढे बसले.

सीट गरम होती...

कुणी नुकतंच उठून गेल्यासारखी. बाहेर बर्फगार वारा, आणि ती सीट गरम.

वारिना गावाच्या अलीकडे गारा सुरू झाल्या. चार हातांपलीकडचं दिसेना. तरी दादा दामटत होता.

आणि माझ्या पायाशी आवाज आला.

टप्...

चटई खाली दबली. माझे पाय मी कधीच वर घेतले होते. चटईत बुटाएवढा खड्डा पडला होता.

गाडी करकचून थांबली.

मी दादाच्या पायाकडे पाहिलं. तो अजून अ‍ॅक्सिलरेटरवर होता.

गारांच्या पडद्यातून मेंढ्या निघाल्या. त्यांच्यामागे त्यांना हाकणारी एक मुलगी. बंपरपासून वीतभर अंतरावर.

शेवटची मेंढी रस्ता ओलांडून गेली.

"चांगला माणूस आहे," दादा हळूच म्हणाला.

"कोण?"

"हाच. मी दमलो की तो बघतो."

"दादा, विकून टाक ही गाडी. आजच."

"आणि मग? परत दुसऱ्याची चालवू? जमीन गेली, देल्मा. आता आहे ती हीच."

त्यानंतर दादा बदलला. घरी जेवताना गप्प. गाडीत मात्र बडबड, रिकाम्या सीटशी. वहिनी म्हणायची, "माझ्यापेक्षा त्याच्याशीच याचं जास्त जमतं." थट्टेत म्हणायची. आधी थट्टेत.

नोव्हेंबरात, भर दुपारी, गाडी त्याच रस्त्याच्या कडेला उभी सापडली. इंजिन चालू. मागे तीन प्रवासी, धडधाकट.

दादा उजवीकडच्या सीटवर होता. दोन्ही पाय चटईत रुतवलेले.

तो गेला होता.

डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. असेल.

पण त्या तिघांना मी स्वतः भेटले. वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या गावांत.

"तुमचा भाऊ ड्रायव्हर होता?" पहिला म्हणाला. "नाही हो. तो तर सुरुवातीपासून उजवीकडे बसला होता. चालवणारा वेगळा."

"कसा होता?"

"पाठमोराच पाहिला. गाडी थांबवली, उतरला, माळावर चालत गेला."

त्या माळावर घर नाही. पायवाटसुद्धा नाही.

बाकीच्या दोघांनीही हेच सांगितलं.

गाडी वहिनीच्या अंगणात आणून ठेवली. तीन वेळा बाजारात नेली. लोक यायचे, पुढे डोकावायचे, न बोलता निघून जायचे. वहिनी लोकांचे कपडे धुऊ लागली.

फेब्रुवारीत एका दुपारी मी तिच्याकडे गेले. अंगण रिकामं होतं.

"वहिनी, गाडी कुठाय?"

"नेली." ती बटाटे सोलत होती.

"कुणी?"

"सकाळी एक माणूस आला. चावी मागितली. दिली."

"अगं, अशी कशी दिलीस? कोण, कुठला, काही विचारलंस का?"

तिनं मान वर केली नाही.

"निकानोर आधीच आत बसला होता गं... उजवीकडे. मला वाटलं, मलाही न्यायला आलाय. मी दार उघडायला गेले."

सुरी थांबली.

"त्यानं आतून लॉक लावलं. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही."

ती गाडी पुन्हा कुणाला दिसलेली नाही.

वहिनी रोज सकाळी अचाकाचीच्या स्टँडवर जाते. येणाऱ्या प्रत्येक पांढऱ्या गाडीच्या पुढच्या काचेत वाकून बघते. ड्रायव्हर आता तिला ओळखतात, काही जण हिडीसफिडीस करतात. तिला एकटीला सोडवत नाही, म्हणून मी बरोबर जाते. तिचा दंड घट्ट धरून उभी राहते.

मी काचेत बघत नाही. खाली, चाकांकडे बघते.

ती गाडी आली, तर वहिनी माझा हात झिडकारून तिच्यात बसेल. आणि मला वाटतं, या वेळी दार उघडं असेल.