गल्लीवरचं पांढरं कापड

मे महिन्यातल्या एका दुपारी राजमणी गुर्रम गच्चीवर गेली, टाकीत तांब्या बुडवला आणि हात पाण्यात तसाच ठेवून उभी राहिली. पाणी गार होतं. सोलापुरात या दिवसांत गच्चीवरच्या टाकीतलं पाणी अंगावर घेतलं तर चटका बसायचा. लोक पहाटेच बादल्या भरून ठेवायचे आणि त्या निवायची वाट बघायचे. तिच्या टाकीतलं पाणी मात्र माठातून काढल्यासारखं होतं.

टाकीभोवती आणि वर तिने एक पांढरं कापड ताणून बांधलं होतं, नुसत्या आडोशासाठी. तिने ते चाचपून पाहिलं. ऊन डोळ्यांवर येत होतं, कठड्याला हात लावायची सोय नव्हती, आणि कापड थंड लागत होतं. कुठून तरी ओलं झालं असेल म्हणून तिने ते पिळून पाहिलं. ते खडखडीत कोरडं होतं.

राजमणी शहराच्या पूर्व भागातल्या एका यंत्रमाग कारखान्यात विणलेलं कापड तपासायचं काम करायची. आदल्या वर्षी एका कंपनीने तिथे नव्या प्रकारच्या सुताचं कापड विणून घेतलं होतं, खेळाडूंच्या शर्टांसाठी. ते अंगाला गारवा द्यायचं, पण त्यावर कुठलाही रंग चढवला की गारवा जायचा. नुसते पांढरे शर्ट कुणालाच नको होते. कंपनीने मागणी रद्द केली आणि तागे गोदामात पडून राहिले. "न्या की घरी, पायपुसणी करा," मालक कामगारांना म्हणाला होता.

त्याच आठवड्यात ते सूत तयार करणाऱ्या संशोधन संस्थेतून तन्वीर मुजावर नावाचा तरुण तंत्रज्ञ उरलेल्या ताग्यांचं काय झालं ते बघायला आला. बोलता बोलता राजमणीने त्याला टाकीची गोष्ट सांगितली. तो आधी हसला आणि मग म्हणाला, "अक्का, मला दाखवता का?"

गच्चीवर त्याने खिशातून तापमापक काढून कापडावर धरला. मग हवेत धरला. मग पुन्हा कापडावर.

"भर उन्हात हवेपेक्षा आठ अंशांनी गार," तो म्हणाला. "आम्ही हे माणसाच्या अंगावर घालून बघत बसलो. आभाळाखाली ताणून कुणी बघितलंच नाही."

"पण थंड होतंय कशानं? ना वीज, ना पाणी."

"प्रत्येक गरम वस्तू न दिसणारे किरण बाहेर टाकते. अवरक्त किरण म्हणतात त्यांना. बहुतेक किरण हवाच अडवते. पण काही ठरावीक किरणांना हवा अडवत नाही. समजा, हवेला एक खिडकी आहे. हे सूत ऊन परतवतं आणि आपली उष्णता बरोबर त्या खिडकीतून बाहेर फेकतं. ती जाते थेट अंतराळात. तिथली थंडी कधी संपत नाही."

राजमणीने वर पाहिलं. आभाळ नेहमीसारखंच होतं, पांढुरकं आणि तापलेलं. मग तिने गच्चीवरून खाली गल्लीत पाहिलं. दोन्ही बाजूंना पत्र्याची आणि गच्चीची बुटकी घरं, मधे अरुंद वाट. आदल्या उन्हाळ्यात याच वाटेवर तिचा नवरा व्यंकटेश कारखान्यातून येताना कोसळला होता. रुग्णवाहिका येईपर्यंत शेजाऱ्यांनी त्याला पंख्याने वारा घातला होता. तो वाराही गरमच होता. व्यंकटेश वाचला नाही.

"हे गल्लीवर ताणलं तर?" तिने विचारलं.

तन्वीरने तापमापक खिशात ठेवला. "चला, बघू," तो म्हणाला.

गल्ली तेलुगू बोलणाऱ्या विणकरांची होती. ताणलेला धागा आणि पक्की गाठ तिथे कुणाला शिकवावी लागत नव्हती. रविवारी बायकांनी गोदामातले तागे जोडून शिवले, पुरुषांनी या कठड्यापासून त्या कठड्यापर्यंत दोर टाकले, आणि संध्याकाळपर्यंत अख्ख्या गल्लीवर पांढरं छत झालं. सगळे कौतुकाने वर बघत होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी गल्लीत थांबवेना. घराघरांतल्या गॅसची धग, पत्र्यांची वाफ, माणसांचे श्वास, सगळं त्या छताखाली कोंडलं होतं. "अक्का, तुम्ही आमचा इडलीपात्रात बंदोबस्त केलात," कुणीतरी म्हणालं, आणि हसणाऱ्यांत राजमणीही होती. पण घरी येऊन ती बराच वेळ भिंतीला टेकून बसली. लोकांना गोळा करून आपण हे काय करून बसलो, असं तिला वाटत राहिलं.

तन्वीरला तिने फोन केला. तो आला, शिडीवर चढला, कापडाच्या वर आणि खाली मोजमापं घेतली. कापड आपलं काम चोख करत होतं. त्याला लागून असलेली हवा गार होत होती, पण खालून चढणाऱ्या गरम हवेला बाहेर जायला वाट नव्हती.

"वाट ठेवली तर?" राजमणी म्हणाली. "अख्खं छत नको. पट्टे करू. तिरके, एकाआड एक, मधे फट."

"गार हवा जड असते, ती पट्ट्यांवरून घसरत खाली येईल. गरम फटीतून वर जाईल," तन्वीर म्हणाला. "पट्टा किती रुंद ठेवायचा ते मला सांगता येणार नाही. करून बघावं लागेल."

करून बघण्यात दोन आठवडे गेले. शिवलेलं उसवलं, पुन्हा शिवलं. अखेर एका दुपारी म्हातारे इराबत्ती तात, ज्यांची छाती उभ्या आयुष्यात कापसाचे तंतू श्वासात जाऊन खिळखिळी झाली होती, स्वतःहून खुर्ची घेऊन गल्लीत येऊन बसले. त्यांना डुलकी लागली तेव्हा राजमणीला कळलं की जमलं.

फक्त गल्लीच्या टोकाला कापड नव्हतं. तिथे मल्लेशम बोल्ली यांचं दुमजली घर होतं. त्यांच्या गच्चीवर उन्हावर वीज देणारी सौर तावदानं होती आणि त्यांवर घरातला कूलर चालायचा. त्यांची बायको नरसूबाई आदल्या उन्हाळ्यात उष्माघाताने मरता मरता वाचल्या होत्या. तेव्हापासून त्या आतल्या खोलीत कूलरसमोर पडून असायच्या. मल्लेशम त्यांना बाहेरची हवा लागू देत नसत.

"माझ्या कठड्याला दोर बांधायचा नाही," ते राजमणीला म्हणाले. "वाऱ्यानं कापड फडफडलं, तावदानावर आलं, तर माझी वीज गेली. मग हिचं काय?"

"मामा, आपण खालच्या खिडकीला बांधू. वर येणारच नाही."

"कापडानं, वाऱ्यानं माणूस वाचत नाही, राजमणी. तुलाही माहीत आहे."

राजमणीने हातातला दोर गुंडाळला. कापड त्यांच्या घराच्या अलीकडेच थांबलं.

जूनच्या सुरुवातीला पारा चढतच गेला. सगळ्यांच्या फोनवर लाल इशारे वाजत होते. महापालिकेने जागोजागी गारवा केंद्रं उघडली होती, लोक तिथे जाऊन बसायचे. मग एका सकाळी मोठ्या उपकेंद्रातलं रोहित्र जळालं आणि पूर्व भागाची वीज गेली. गारवा केंद्रंही बंद पडली. नवं रोहित्र परगावाहून यायचं होतं.

पहिला दिवस गल्लीने काढला. बाहेरच्या रस्त्यावरून आत पाऊल टाकलं की फरक कळायचा. आजूबाजूच्या वस्त्यांतून लोक येऊ लागले, तान्ही मुलं घेऊन, आजारी माणसांना धरून. पट्ट्यांखाली सतरंज्या पडल्या. कुणी कुणाला विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी वावटळ आली. दोर टिकले, गाठी टिकल्या, पण वावटळ गेली तेव्हा वरचं पांढरं कापड मातकट झालं होतं. तासाभरात गल्लीतला गारवा गेला. मुलं किरकिरायला लागली. इराबत्ती तातांचा श्वास घुरघुरू लागला.

राजमणीने तन्वीरला फोन लावला.

"धूळ ऊन शोषते," तो म्हणाला. "झटकून जेवढी जाईल तेवढी घालवा, पण बारीक धूळ बसलेली असेल. कापड धुवावं लागेल. मी निघालोच."

बायकांनी बांबूंना केरसुण्या बांधून कापड झटकलं. थोडा फरक पडला, पुरेसा नाही. धुवायला पाणी हवं होतं. विजेविना नळाला पाणी नव्हतं आणि टाक्यांमध्ये उरलं होतं ते फक्त पिण्यापुरतं. ते कापडावर ओतायचं की उद्यासाठी ठेवायचं? लोक राजमणीच्या तोंडाकडे बघत होते. पाणी ओतलं आणि गारवा आला नाही, तर उद्या ही सगळी माणसं काय पिणार होती?

ती गल्लीच्या टोकाला गेली. मल्लेशमांच्या अंगणात जुनी कूपनलिका होती. तिच्यावर पंप होता. अख्ख्या वस्तीत वीज होती ती त्यांच्याच गच्चीवर.

"मामा, तासभर पंप चालवा."

"पंप चालला की कूलर बंद पडतो. दोन्ही चालत नाहीत."

"माहीत आहे मला."

"मग कसं मागतेस?" त्यांचा आवाज चिरकला. "गेल्या वर्षी मी हिला उचलून रस्त्यापर्यंत पळत गेलो होतो. पुन्हा तसं पळायची ताकद नाही माझ्यात."

राजमणी दारातच उभी राहिली. व्यंकटेशचं नाव तिच्या ओठांवर आलं होतं, पण तिने ते घेतलं नाही. तेवढ्यात आतून नरसूबाईंचा आवाज आला, बारीक पण स्पष्ट.

"बाहेर एवढे लोक कशाला आलेत?"

"कापडाखाली बसलेत, मामी," राजमणीने उत्तर दिलं. "पण कापड धुळीनं माखलंय."

आतून खाट करकरल्याचा आवाज आला.

"मला बाहेर गल्लीत न्या," नरसूबाई म्हणाल्या. "वर्ष झालं, मी माणसं बघितली नाहीत. या खोलीत नुसती जगायचा कंटाळा आलाय. लावा पंप."

मल्लेशम आतल्या खोलीत शिरले. मग भिंतीकडे गेले आणि त्यांनी कूलरचं बटण बंद केलं.

नळी गल्लीभर पुरली नाही, म्हणून पुढे बादल्यांची रांग लागली. तरुण मुली गच्च्यांवर चढून वरून पाणी सोडत होत्या, खालून मातकट थेंब सतरंज्यांवर, डोक्यांवर, उघड्या पाठींवर पडत होते. तन्वीर पोचला तेव्हा त्याच्या शर्टावरही ते पडले. हळूहळू पट्टे पांढरे झाले. नरसूबाईंना दोघींनी खुर्चीसकट उचलून मधोमध आणून ठेवलं होतं. मल्लेशम त्यांच्या मनगटावर बोटं ठेवून उभे होते, जणू नाडी सुटेल.

मग वरून गारवा उतरला. एक तान्हं मूल रडायचं थांबलं. इराबत्ती तातांच्या छातीतली घुरघुर मंदावली. नरसूबाईंनी पदराने तोंडावरचे थेंब पुसले आणि शेजारच्या अनोळखी बाईला विचारलं, "तुम्ही कुठल्या?"

मल्लेशमांनी त्यांचं मनगट सोडलं आणि ते भुईवर बसले. राजमणीने पाहिलं, त्यांचे खांदे हलत होते. ती त्यांच्याशेजारी जाऊन बसली. थोड्या वेळाने ते उठले, घरातून दोर घेऊन आले आणि आपल्या खालच्या खिडकीच्या गजाला त्यांनी स्वतःच गाठ मारली.

रोहित्र आलं, वीज आली. शहरातल्या दवाखान्यांत अजून माणसं दाटीने पडली होती, पण या गल्लीत आसरा घेतलेल्यांपैकी कुणालाही तिथे न्यावं लागलं नव्हतं. त्या रात्री राजमणी वर्षभरात पहिल्यांदा सलग झोपली.

पुढच्या दिवसांत वेगवेगळ्या वस्त्यांतून माणसं येऊ लागली. तन्वीरच्या संस्थेने सूत पाठवायचं कबूल केलं, कारखान्यातले बंद पडलेले माग पुन्हा सुरू झाले. पट्टा किती रुंद, फट किती, गाठ कुठली, हे राजमणी येईल त्याला दाखवायची. लोक समाधानाने परत जायचे.

एका सकाळी कांचन सुरवसे नावाची बाई आली. तिने सगळं नीट पाहिलं, मग विचारलं, "आमच्या गल्लीत चालेल का? दोन्ही बाजूंना नव्या इमारती झाल्यात, बारा-बारा मजल्यांच्या. वर बघितलं तर बोटभर आभाळ दिसतं."

तन्वीर तिथेच होता. "उष्णता बाहेर जायला समोर उघडं आभाळ लागतं," तो म्हणाला. "उंच भिंती असल्या, तर ती भिंतींवर जाते आणि भिंती आपली उष्णता उलट खाली टाकतात."

"म्हणजे आमच्याकडे नाही चालणार?"

"कमी चालेल. किती कमी, ते तिथे येऊन मोजावं लागेल."

"उद्या सकाळी आम्ही दोघं येतो," राजमणी म्हणाली. "पट्टे वेगळे कापू. उभे लावून बघू. काहीतरी निघेल."

कांचनने मान हलवली. ती निघाली, मग दोन पावलं मागे आली.

"घर बांधताना उजेड सोडायचा, वारा सोडायचा, असे नियम असतात ना," ती म्हणाली. "मग खालच्या माणसासाठी आभाळ किती सोडायचं, हे कुणी ठरवलंय का?"